टेपचा गुण, घुमटाची थाप

श्रावण सरत आला की गोव्यातल्या लहान स्टुडिओंना आरत्यांचे वेध लागतात. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आलेली असते, घुमट या मातीच्या तालवाद्यावर आरत्या म्हणणारी मंडळं तालमींत बुडालेली असतात, आणि ज्यांना आपली आरती रेकॉर्ड करून ठेवायची असते ते याच दिवसांत येतात. माझी मिक्सिंगची खोली फोंड्यात आहे. घुमट, काठ्यांनी वाजवायचं शामेळ, कासाळे म्हणजे झांजा, एक पेटी, मुख्य गायक आणि मागे सूर धरणारी मंडळी, असा सगळा ऐवज स्क्रीनवर पट्ट्यापट्ट्यांनी उलगडतो. आणि दर खेपेला कुणी ना कुणी म्हणतंच, "आवाज जरा जुन्या कॅसेटसारखा येऊ दे."

या मागणीमुळेच मी टेप इम्युलेशनच्या प्लगिनांकडे, म्हणजे संगणकात टेपच्या यंत्राची नक्कल करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांकडे वळलो. आता त्यांच्याशिवाय मी आरती मिक्स करत नाही. मात्र लोक ज्यासाठी टेप मागतात, त्यासाठी मी ती लावत नाही. गाणं जुनं भासावं म्हणून टेप लावणं मला पटत नाही. टेप आवाजाचं नेमकं काय करते ते ओळखून, जिथे त्या गुणाची गरज आहे तिथेच ती लावावी, असं माझं ठाम मत झालं आहे. ते कसं झालं ते सांगतो.

टेप म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर दिलेला लोहाच्या ऑक्साइडच्या कणांचा थर. १९२८ साली जर्मनीत फ्रिट्झ फ्लॉयमर यांनी कागदाच्या पट्टीवर अशी चुंबकीय भुकटी बसवण्याचं पेटंट घेतलं. १९३५ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात एईजी कंपनीने मॅग्नेटोफोन हे यंत्र मांडलं. आवाज मात्र अजून खरखरीतच होता. कारण चुंबकीय कण हट्टी असतात. अगदी हलका सिग्नल दिला तर ते हलतच नाहीत आणि फार जोराचा दिला तर एका मर्यादेपुढे वाकत नाहीत. १९४० साली बर्लिन रेडिओच्या वॉल्टर वेबर यांना यावरचा उपाय गवसला: आवाजाच्या जोडीला कानाला ऐकू न येणारा, खूप वरच्या कंपनसंख्येचा प्रवाह हेडमधून, म्हणजे पट्टीवर आवाज लिहिणाऱ्या चुंबकातून सोडायचा. त्या प्रवाहाने कण सतत जागे राहतात आणि हलका आवाजही सरळ उमटतो. हाच बायस. आजच्या प्लगिनांत बायस नावाचं जे बटण दिसतं त्याच्यामागे ही सगळी खटपट आहे. ते वाढवलं की वरचे सूर दबतात, कमी केलं की चकाकी आणि खरखर दोन्ही वाढतात.

युद्धानंतर जॅक मलिन या अमेरिकी सैनिकाने यातली दोन यंत्रं सुटी करून मायदेशी नेली आणि १९४६ साली तिथे त्यांचं प्रात्यक्षिक दाखवलं. बिंग क्रॉस्बी या गायकाने आपल्या रेडिओ कार्यक्रमासाठी त्यात पैसा आणि विश्वास दोन्ही घातले, आणि १९४८ पासून अँपेक्स या अमेरिकी कंपनीची यंत्रं स्टुडिओंत आली. आपल्या गाण्यासाठी यातली मोठी गोष्ट अशी की टेपमुळे वेळेची बेडी तुटली. त्याआधीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. आमच्या फोंडा तालुक्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची जी भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली, तीही साडेतीन मिनिटांचीच. जी बाई एक राग तासभर उलगडायची, तिचं गाणं अंतराळाच्या वाटेला लागलं ते तबकडीच्या मापानं. टेप आली आणि गायकाला श्वास घ्यायला जागा मिळाली. आकाशवाणी पणजीच्या टेपांवरून किती बुवांचे आवाज गोव्यातल्या घराघरांत पोचले याचा विचार केला की या करड्या पट्टीबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

पण कृतज्ञता वेगळी आणि मिक्सिंगमधली निवड वेगळी. तिथे कान लागतो.

घुमटाचंच घेऊ. घुमट म्हणजे दोन तोंडांचं मातीचं मडकं. मोठ्या तोंडावर कातडं ताणून बसवलेलं, मागचं लहान तोंड उघडं. उजव्या हाताची बोटं कातड्यावर पडतात आणि डावा तळवा मागचं तोंड झाकत-उघडत राहतो, त्यातून घुमारा खाली-वर होतो. रेकॉर्ड केलेला घुमटाचा ट्रॅक स्क्रीनवर मोठा करून पाहिला की एका थापेची दोन अंगं स्पष्ट दिसतात. आधी सुईसारखं उभं टोक, बोट कातड्याला लागल्याचं. ते काही मिलिसेकंदांतच संपतं. मग येतो मडक्याच्या पोटातून निघणारा गोल घुमारा, त्या टोकापेक्षा कितीतरी ठेंगणा. मैफलीत समोर बसलं असताना आपल्याला घुमारा ऐकू येतो, टोक बोचत नाही. माइक हातभर अंतरावर असला की नेमकं उलटं होतं. टोकामुळे मीटर लाल होतो आणि त्याच्या भीतीने सगळा घुमट खाली ओढावा लागतो.

अशा वेळी कॉम्प्रेसर, म्हणजे मोठा आवाज आपोआप दाबणारं साधन, लावायचा रिवाज आहे. पण कॉम्प्रेसरला आधी आवाज ऐकून मग हात घालावा लागतो. त्याचा वेग कितीही वाढवला तरी पहिलं टोक निसटतं, किंवा ते पकडण्याच्या नादात मागचा घुमारा डचमळतो. टेपला थांबावं लागत नाही. जांभ्या दगडाची जमीन पहिल्या सरी शोषून घेते आणि पोट भरलं की पुढचं पाणी सोडून देते, तसे हे कण सिग्नल शोषतात आणि भरले की पुढचा जोर घेत नाहीत. त्याच क्षणी, त्याच टोकावर. आणि त्यांचं हे भरणं एकदम नसतं, हळूहळू वळत जाणाऱ्या रेषेसारखं असतं. त्यामुळे टोक कापल्यासारखं वाटत नाही, वाकल्यासारखं वाटतं. टोक तीन-चार डेसिबलने खाली आलं की घुमटाचा ट्रॅक तेवढाच वर उचलता येतो आणि घुमारा समोर येऊन बसतो. माझ्या कामात टेपचा याहून मोठा उपयोग मला सापडलेला नाही.

इथे वेगाचा प्रश्न येतो. स्टुडिओतल्या यंत्रांवर टेप सेकंदाला १५ इंच किंवा ३० इंच धावते, आणि बहुतेक प्लगिनांत हे दोन वेग निवडता येतात. जितका वेग जास्त, तितकी प्रत्येक कंपनाला पट्टीवर जास्त जागा. हिशेब सोपा आहे. १५ इंच म्हणजे सेकंदाला ३८१ मिलिमीटर. १५,००० हर्ट्झचा सूर त्या वेगात पट्टीवर सुमारे २५ मायक्रॉन जागा घेतो. खालच्या टोकाला, जेव्हा एका कंपनाची लांबी हेडच्या आकाराच्या जवळपास जाते, तेव्हा खर्जात एक फुगवटा येतो. त्याला हेड बंप म्हणतात. वेग दुप्पट केला की हा फुगवटाही एक सप्तक वर सरकतो. म्हणून ३० इंचावर घुमट लावला तर फुगवटा मडक्याच्या घुमाऱ्याच्या आसपास येऊन बसतो, आणि १५ इंचावर त्याच्या खाली राहतो. यंत्रागणिक फरक पडतो, तरी घुमट बारीक वाटत असेल तर मी आधी ३० लावून पाहतो. मडकंच मोठं आणि भारदस्त असेल तर १५. इक्वलायझरला हात लावण्याआधी ही एक निवड करून पाहावी, पुष्कळदा पुढचं काम वाचतं.

कासाळ्यांची कथा वेगळी. या जाड झांजांचा आवाज वरच्या पट्टीत इतका दाट असतो की बंद खोलीत रेकॉर्ड केल्यावर तो कोरससकट सगळं झाकून टाकतो. टेपवर वरचे सूर खालच्यांच्या आधी भरतात, कारण रेकॉर्ड करताना ते मुद्दाम उचलून लिहिलेले असतात आणि पट्टीवर त्यांना जागाही कमी असते. त्यामुळे १५ इंचाचा वेग आणि जरा चढा बायस दिला की कासाळ्यांची धार आपसूक बसते. फक्त एक काळजी घ्यावी लागते, आणि ती खऱ्या टेपला कधीच घ्यावी लागली नव्हती. जिथे आवाज वाकतो तिथे नवे स्वनक, म्हणजे मूळ कंपनसंख्येच्या पटीतले सूर, जन्मतात, टेपमध्ये मुख्यतः तिसरा. कासाळ्यांत १०,००० हर्ट्झ असेल तर त्याचा तिसरा स्वनक ३०,०००. खऱ्या टेपवर तो कुठल्या कुठे विरून जातो. पण संगणकात ४८ किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या फाइलमध्ये त्याच्या निम्म्याच्या, २४,००० च्या वर जागाच नाही, तेव्हा तो आरशात पडल्यासारखा मागे फिरतो आणि १८,००० वर येऊन बसतो. मूळ सुराशी त्याचं काही नातं नसतं. असे शेकडो बेवारशी सूर जमले की कासाळ्यांवर काचेची कचकच ऐकू येते. प्लगिनातलं ओव्हरसॅम्पलिंग, म्हणजे आतला हिशेब कितीतरी जास्त नमुन्यांवर करणं, त्यासाठीच असतं. संगणक कुरकुरला तरी कासाळ्यांच्या ट्रॅकवर ते चालू ठेवतो.

पेटीवर मात्र मी टेपचा जोर लावतच नाही. पेटीचा सूर मुळातच स्वनकांनी ठासून भरलेला असतो, त्यात भर घालायला काही उरत नाही. शिवाय दोन पट्ट्या एकदम दाबल्या की वाकलेल्या रेषेतून त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे सूर निघतात, जे पेटीवाल्याने वाजवलेलेच नसतात. ते स्वरांच्या अगदी शेजारी, पण जरा बाजूला पडतात. ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, त्याला एवढंच वाटतं की पेटी मळकी आहे. याच कारणासाठी सगळ्या मिक्सवर एकत्र टेप लावून जोरात ढकलणं मी टाळतो. आरतीत पेटी, कोरस आणि घुमट एकाच वेळी भरात असतात. घुमटाच्या टोकासाठी दिलेला जोर पेटीला भोगावा लागतो.

आता डळमळीबद्दल, कारण याच बाबतीत आपल्या संगीतावर सर्वांत जास्त अन्याय होताना मी ऐकतो. टेपचा वेग अगदी एकसारखा कधीच नसतो. चाक कणभर लंबगोल, रबर कणभर घासलेलं, की सूर हळू किंवा जलद हेलकावतो. याला वाव आणि फ्लटर म्हणतात. जुनेपणाचा भास आणायला प्लगिनातलं हे बटण लोक सर्रास फिरवतात. गिटार, पियानो, ड्रम यांच्या गाण्यात ते खपतंही. आपल्याकडे षड्ज तानपुऱ्यावर किंवा सुरपेटीवर अखंड चालू असतो. काळी एकचा वरचा सा सुमारे २७७ हर्ट्झ. गायकाच्या ट्रॅकवर अर्ध्या टक्क्याची डळमळ घातली तर त्याचा सा जवळपास दीड हर्ट्झने वर-खाली होतो, आणि स्थिर षड्जाशी त्याचे ठोके पडू लागतात. लागलेला सा लागला नाही असं ऐकू येतं. वर्षानुवर्षं खर्जाचा रियाज करून जो षड्ज कुणी कमावला, तो एका बटणाने बिघडवायचा हक्क मिक्सिंग करणाऱ्याला नाही.

यात एक बारीक गोम आहे. खऱ्या मल्टिट्रॅक यंत्रात चोवीसच्या चोवीस ट्रॅक एकाच दोन इंची पट्टीवर असतात. पट्टी डळमळली तर गायक, तानपुरा, पेटी सगळेच एकत्र डळमळतात आणि त्यांची आपसातली जुळणी कायम राहते. आपण मात्र प्रत्येक ट्रॅकवर प्लगिन वेगळं लावतो. म्हणजे प्रत्येक गायकाला स्वतःचं वेगळं यंत्र, आणि प्रत्येक यंत्र आपल्या लहरीने डळमळणारं. असा प्रकार खऱ्या टेपच्या काळात कुठल्याही स्टुडिओत होणं शक्यच नव्हतं. तेव्हा त्या काळाच्या नावाने हे करणं त्या काळालाही धरून नाही. काही प्लगिनांत ट्रॅकांचे गट बांधायची सोय असते. ती नसेल तर हे बटण शून्यावर आणणं हे माझं पहिलं काम.

कॅसेटसारखा आवाज मागणाऱ्यांकडे पुन्हा वळतो, कारण त्यांच्या मागणीत खरी ओढ असते आणि तिचा मान राखायला हवा. प्रश्न असा की कॅसेट आणि स्टुडिओची टेप यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. फिलिप्सने १९६३ साली आणलेली कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर धावते, स्टुडिओच्या १५ इंची वेगाच्या एक अष्टमांश. मघाशी ज्या १५,००० हर्ट्झच्या सुराला २५ मायक्रॉन मिळत होते, त्याला इथे फक्त ३. पट्टीची रुंदीही ४ मिलिमीटरपेक्षा कमी, आणि तिच्यावर दोन्ही बाजू मिळून चार ट्रॅक.

अशा कॅसेटा माझ्याकडे येतात. सत्तरी तालुक्यातल्या एका घरून भजनी सप्ताहाच्या आल्या होत्या. पावसाळ्यातल्या दमट हवेने काहींच्या कडांवर पांढरी बुरशी धरलेली, एकीची हेडजवळची लोकराची गादी सुटलेली. पहिलं वाजवलं तेव्हा सगळं गोधडीखालून यावं तसं मंद. बरोबर आलेला त्या घरचा मुलगा म्हणाला, "हाच तो आवाज. लहानपणी असाच ऐकलाय." मी डेकच्या हेडशेजारचा स्क्रू बारीक स्क्रूड्रायव्हरने फिरवत गेलो. ज्या डेकवर ते भजन भरलं होतं त्याचा हेड कणभर तिरका होता, आणि माझा सरळ. स्क्रू पाव वळसाही फिरला नसेल, तोच कासाळे उघडली. मग पखवाजाची शाई ऐकू आली. मग मागे बसलेल्या कुणाचं तरी "वाः" ऐकू आलं. मुलगा खुर्चीवरून पुढे सरकला. "हे आमचे आजोबा," म्हणाला. पट्टीवर ते होते. इतकी वर्षं त्या वाकड्या कोनाने त्यांना झाकून ठेवलं होतं.

वेगाचंही तसंच. भजन काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मध्येच कुठेतरी वाजत होतं, म्हणजे भरताना मशिन हळू चाललं होतं किंवा माझं जलद चालत होतं. या दोन शेजारच्या पट्ट्यांमधलं, अर्ध्या स्वराचं अंतर म्हणजे वेगात जवळपास सहा टक्क्यांचा फरक. वेग ओळखायला पट्टीवर उमटलेली विजेची घरघर कामी येते, कारण ती ५० हर्ट्झची असायला हवी. पण तेव्हा विजेची कंपनसंख्याच पन्नासावर टिकून राहत नसे, त्यामुळे तिच्यावर सर्वस्वी विसंबता येत नाही. त्या घरात तीच पेटी अजून होती. मुलाने फोनवर तिचा काळी एकचा सा वाजवून पाठवला, मी भजन त्याला मिळवलं. आजोबांचा आवाज जरा जाड झाला, चाल जरा संथ झाली, आणि मुलाच्या म्हणण्याप्रमाणे ते आजोबांसारखेच वाटू लागले.

हे सगळं सविस्तर सांगितलं, कारण त्या दुपारनंतर मला एक गोष्ट पक्की कळली. मंदपणा, डळमळ, सुस्कारा (पट्टीची सततची 'स्स्स') हे कॅसेटचे गुण नव्हते. माणसांचे आवाज आपल्यापर्यंत पोचताना वाटेत जे जे गमावलं गेलं, त्याचा तो ठसा होता. त्या भजनात आपल्याला जे जवळचं वाटतं ते म्हणजे एका खोलीत, एका माइकसमोर, दाटीवाटीने बसून एकमेकांकडे बघत गायलेली माणसं. ते हवं असेल तर रेकॉर्डिंगच तसं करायला हवं. आता जी मंडळं कॅसेटचा आवाज मागतात त्यांना मी सांगतो, वेगवेगळं रेकॉर्ड करू नका, एकत्र बसा, मी मध्ये दोन माइक लावतो. आवाज एकमेकांच्या माइकांत सांडतात, निस्तरणं कठीण जातं, पण आरती श्वास घेते.

सुस्काऱ्याबद्दल दोनच वाक्यं. अनेक प्लगिनांत तो मुळातच चालू असतो, आणि चोवीस ट्रॅकांवर प्लगिन लावलं की सगळ्यांचा मिळून साधारण १४ डेसिबलने वाढतो. मी तो बंद करतो.

मिक्सिंग शिकणाऱ्या मुलांना माझी कळकळीची विनंती एकच आहे, आवाजाची पातळी मिळवून मगच निवाडा करा. टेप प्लगिन लावल्याबरोबर आवाज बहुधा जरा मोठा होतो, आणि मोठा आवाज कानाला नेहमीच भरीव, गोड लागतो. एका डेसिबलचा फरकसुद्धा फसवायला पुरतो. म्हणून प्लगिनाचं आउटपुट इतकं खाली आणायचं की चालू-बंद केल्यावर मोठेपणात फरक पडता कामा नये. मग डोळे मिटून ऐकायचं. आत जाणारी पातळीही तितकीच महत्त्वाची. पुष्कळ प्लगिनं उणे १८ डेसिबल फुल स्केलला (डिजिटल फाइलच्या कमाल पातळीच्या १८ डेसिबल खाली) यंत्रावरचा शून्य व्हीयू, म्हणजे काट्याच्या मीटरवरची नेहमीची पातळी मानतात. आजकालची रेकॉर्डिंगं त्यापेक्षा कितीतरी चढी असतात. तशीच आत सोडली तर जिथे टोकच वाकायला हवं होतं तिथे सगळा घुमट वाकतो आणि पापडासारखा चपटा होतो, मग दोष बिचाऱ्या प्लगिनावर जातो.

प्लगिन कुठलं घ्यावं, हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो आणि सर्वांत कमी महत्त्वाचा वाटतो. स्टुडर ए८००, अँपेक्स एटीआर-१०२, ॲबी रोडची जे३७ अशा नामांकित यंत्रांच्या प्रतिकृती मिळतात आणि त्या चांगल्या आहेत. पण सुरुवातीला पैसे घालायची गरज नाही. जतिन चौधरी यांचं चाऊ टेप मॉडेल मोफत आहे, त्याचा कोडही खुला आहे. चुंबकीय कण मागच्या क्षणाची आठवण ठेवून पुढच्या क्षणाला कसे वाकतात, याचं भौतिकशास्त्रातलं गणितच त्यात सोडवलेलं आहे. २०१९ साली त्यांनी त्यावर शोधनिबंध मांडला. एअरविंडोजचं टूटेपही मोफतच. त्याला चित्रबित्र काही नाही, नुसत्या पट्ट्या. मला ते शिकवायला फार आवडतं, कारण फिरणारी चाकं दिसत नाहीत तेव्हा मुलांना ऐकावंच लागतं.

एका गोष्टीपुढे मात्र सगळी प्लगिनं थकतात. मागच्या मोसमात घुमट वाजवणारे एक काका माझ्या खोलीत बसून आपली आरती ऐकत होते. साठी ओलांडलेले, लहानपणापासून वाजवणारे. मला म्हणाले, "रे, पूर्वीचा घुमट असा बोलत नव्हता." मी विचारलं, "काका, काय वेगळं होतं?" त्यांनी हवेत बोटं आपटून दाखवली. "बोट पडलं की आवाज आत जायचा. आता बाहेर उडतो." पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं असायचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, आणि ते योग्यच आहे. आता बकरीचं कातडं बसवतात. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, तेव्हा याच कातड्यावर पुढची पिढी वाजवत होती. काकांच्या कानातला जुना आवाज म्हणजे काही अंशी ते पातळ, ताणलेलं कातडं. टेपने टोक वाकवता येतं, कातडं बदलता येत नाही. मी त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "मग टोक वाकवून दाखव." दाखवलं. त्यांनी पुन्हा बोटं हवेत आपटली, या वेळी तालात.

मग त्यांनी एक मागणी केली आणि मला टेपच्या आणखी एका गुणाची आठवण करून दिली. "माझ्या मोबाइलवर लाव," म्हणाले. गावातली मंडळी मोबाइलवरच ऐकणार होती, कुणी बसमध्ये, कुणी स्वयंपाकघरात ओट्यावर फोन ठेवून. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून १०० हर्ट्झचा घुमारा बाहेरच पडत नाही. त्या घुमटाचा मूळ सूर साधारण तिथेच होता, म्हणजे तो पूर्ण गायब व्हायला हवा. पण टेपने वाकवलेल्या थापेत तिसरा स्वनक असतो, ३०० च्या आसपासचा, आणि तो मोबाइलमधून नीट येतो. माणसाचा कान मोठा दिलदार आहे. वरचे स्वनक ऐकू आले की खालचा मूळ सूर तो स्वतःच भरून घेतो. मी घुमटाच्या ट्रॅकवरचा जोर अजून थोडा वाढवला, आउटपुट तितकंच खाली घेतलं आणि फाइल काकांच्या फोनवर पाठवली. त्यांनी फोन कानापासून हातभर लांब धरला.

"आतां घुमट आयकूंक येता," ते म्हणाले.

जोर न दिलेली फाइलही त्यांना ऐकवली, पातळी मिळवून. तिच्यात फक्त टकटक होती. काकांनी दुसरी पुसून टाकायला सांगितली आणि पहिली तिथल्या तिथे मंडळाच्या ग्रुपवर टाकली. जाताना त्यांनी विचारलं, मडक्याच्या मागच्या तोंडापाशी, जिथे डावा हात फिरतो तिथे वेगळा माइक लावला तर? यंदाच्या चवथीनंतर ते दोन मडकी घेऊन येणार आहेत, एक फोंड्याच्या बाजारातलं आणि एक त्यांच्या वडिलांच्या वेळचं. मागच्या माइकवर थापेचं टोक जवळजवळ नसणार. तेव्हा त्या ट्रॅकवर टेप लावायची की नाही ते आधी मी कोरा ऐकणार आणि मगच ठरवणार.